सेनापतीचा लाल कोट

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्या सेनापतीचा कोट निळा होता आणि इंग्रज सैनिकांचे कोट लाल होते. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पुढे जे लिहिणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नको.

भांडुपच्या एका मराठी शाळेत मी चोवीस वर्षं इतिहास शिकवला. पोरं मला घाबरायची आणि मला ते आवडायचं. अभ्यासक्रमात अमेरिकेचा धडा होता त्या काळातली गोष्ट. नववीतल्या एका मुलीने मोठा तक्ता रंगवून आणला. पांढरा घोडा, त्यावर सेनापती, मागे बर्फातली नदी. चार-पाच संध्याकाळी तरी खपली असणार. आणि सेनापतीच्या अंगात लालभडक कोट. मी तक्ता वर धरला आणि वर्गाला म्हटलं, "बघा रे, यांचा सेनापती फितूर झालाय. शत्रूचा कोट घालून हिंडतोय." वर्ग हसला. ती मुलगीही हसली. हसलं की सुटका होईल असं तिला वाटलं असावं. मग मी तिच्यासमोर तक्त्याचे दोन तुकडे केले. चुकीचा इतिहास भिंतीवर लावायचा नसतो, असं सांगितलं.

पुढचा तास इंग्रजीचा होता. इंग्रजीच्या बाई, म्हणजे माझी मैत्रीण, पुस्तकं छातीशी धरून दारात उभी होती. मी बाहेर पडले, ती आत गेली. तिने आधी तुकडे उचलले. मधल्या सुट्टीत मी पाहिलं तर ती स्टाफरूममध्ये बसून तक्ता मागून चिकटपट्टीने जोडत होती.

मी म्हटलं, "तुझ्यासारख्यांनीच पोरं लाडावलीत. कोटाचा रंग चुकलाय तो."

"रंग कुठलाही असू दे गं," ती म्हणाली. "पोरगी रडतेय."

तिचं सगळं असंच. तिला पोरगी दिसायची, मला कोट.

आमची मैत्री जुनी. मी कोकणातली, वडील गिरणीत, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन. तिचं घर बौद्ध, आजोबा अकोल्याकडून मुंबईत आलेले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती माझ्या घरी आली होती. आई स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "तिका तो कान तुटलेलो कप दी." मी तो तुटका कप स्वतःला घेतला आणि माझा चांगला कप तिला दिला. केवढा पराक्रम केला असं वाटलं! पुढची वीस-बावीस वर्षं त्या एका कपाच्या जोरावर मी स्वतःला उदार समजत राहिले. तिने ते सगळं पाहिलं होतं, आईचं बोलणंही ऐकलं होतं. स्वयंपाकघर ते केवढं! पण ती काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे तिला कळलं नाही, असा अर्थ मी लावला. हीच चूक मी पुढे पुन्हा केली.

शाळेचा पट घसरत गेला. संस्थेने मराठी वर्ग बंद करून इंग्रजी माध्यम आणलं आणि आम्हाला नारळ दिला. खराखुरा नारळ, शालीसकट. शाळा विनाअनुदानित, त्यामुळे आम्हाला दुसरीकडे सामावून घ्यायला कोणी बांधील नव्हतं. पन्नाशी गाठलेल्या मराठी माध्यमाच्या इतिहास शिक्षिकेला मुंबईत कोण विचारतो? मी दोन महिने घरात बसून नवऱ्याशी भांडत होते.

नोकरी तिनेच शोधली. अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत एक गाळा होता. तिथे अमेरिकेतल्या मुलांसाठी धड्यांचे व्हिडिओ बनवायचे. शाळेत न जाता घरीच शिकणारी मुलं तिकडे असतात, त्यांच्यासाठी. तिला त्यांनी इंग्रजीवरून लगेच घेतलं. विषय होता अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास. वसाहती, चहावरचा कर, युद्ध, राज्यघटना. पहिल्याच आठवड्यात ती मला हाताला धरून मालकासमोर घेऊन गेली. मालक तिशीतला मुलगा, अर्ध्या चड्डीत.

"इतिहास हिचा आहे," ती म्हणाली. "मी नुसती बोलते. हिला घेतलं नाहीत तर माझ्या चुका कोण काढणार?"

त्याने मला घेतलं. चुका काढण्यासाठी.

आमची कामाची पद्धत अशी. मी धडा मराठीत लिहायचे, कारण माझं डोकं मराठीतच चालतं. ती तो इंग्रजीत करायची आणि हिरव्या कापडापुढे उभी राहून कॅमेऱ्यात बघून बोलायची. शेजारच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनवायचं मशीन होतं. ते सुरू झालं की आम्ही थांबायचो, आणि थांबलो की ती डब्यातलं काहीतरी माझ्या हातावर ठेवायची. रेकॉर्डिंग झालं की मी तपासणीचा कागद भरायचे. त्यात रकाने होते. सन, नावं, नकाशे, घटनाक्रम. प्रत्येकापुढे माझी खूण आणि खाली सही.

मी लिहायचे बोर्डाच्या परीक्षेसारखं. चहावरील कराला विरोध होण्याची पाच कारणे. ती माझी पाचही कारणं बाजूला ठेवून सुरुवात करायची: समजा, तुमच्या घरच्या चहावर किती कर लावायचा हे समुद्रापलीकडे बसलेला माणूस ठरवतोय, आणि तुमच्या आईला कोणी विचारलंसुद्धा नाही. मग माझी कारणं एकेक करून त्यात अशी मिसळायची की ती माझी आहेत हे मलाही ओळखू येत नसे. तिकडून पोरांची पत्रं यायची. सगळी तिला. एका पोराने तिचं चित्र काढून पाठवलं, साडीतलं, मागे जहाज. मालकाने ते भिंतीवर लावलं. मी रोज त्याच्याखाली बसून जेवायचे.

इतिहास माझा आणि तोंड तिचं. मला जळायला एवढं पुरलं.

सर्व माणसं समान जन्माला येतात असं त्यांच्या ज्या जाहीरनाम्यात म्हटलंय, त्याचा धडा आला तेव्हा ती मला म्हणाली, "हे लिहिणाऱ्याकडे गुलाम होते ना गं? सांगायचं की नाही?" मी म्हटलं, गिऱ्हाईक कंपनीची, म्हणजे तिकडे आपले धडे विकत घेणाऱ्यांची, सूचना आहे, एका वाक्यात सांगून पुढे जायचं. तिने एकाच वाक्यात सांगितलं. पण ते वाक्य झाल्यावर ती थांबली. दोन सेकंद. नुसती कॅमेऱ्यात बघत राहिली आणि मग पुढे गेली. मी कागदावर लिहिलं, "अनावश्यक थांबा. कापावा." मालकाने कापला नाही. तिकडच्या एका आईने कळवलं की तिच्या मुलाने जेवताना विचारलं, त्या बाई तिथे गप्प का झाल्या? आणि मग त्यांच्या घरात बराच वेळ त्यावरच बोलणं झालं. माझ्या चोवीस वर्षांत माझ्या तासानंतर कुणाच्या घरी जेवताना बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. तिने ते गप्प राहून करून दाखवलं. मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी डबा वेगळा खाल्ला.

तिला या नोकरीची माझ्यापेक्षा जास्त गरज होती, हेही मला माहीत होतं. तिचं घर पाण्याच्या पाइपलाइनच्या कडेला होतं. ते पाडलं आणि बदल्यात माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, घर मिळालं. तिथे गेल्यापासून तिच्या नवऱ्याचा खोकला थांबत नव्हता. हवेमुळे की वयामुळे ते डॉक्टर छातीठोक सांगत नव्हते, पण इथून हलवा एवढं मात्र सांगत होते. मुलुंड पूर्वेला तिने एक घर भाड्याने बघून ठेवलं होतं. तळमजला, खिडकीबाहेर जांभळाचं झाड. घरमालकाची एकच अट होती, कायम नोकरीचं पत्र दाखवा. मला ती ते घर बघायला घेऊन गेली होती. रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभं राहून तिने लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "बघ, कसलाच वास नाही."

त्या महिन्यात मालकाच्या डोक्यात आलं की युद्धाचे धडे वेशभूषेत करायचे. वेगळा नट कशाला, बाईच सेनापती होतील, गंमत येईल, पोरांना आवडेल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुली मावळे होतातच, तसं. मग त्याने आम्हा दोघींना बोलावलं. तिला म्हणाला, "मॅडम, ही सिरीज झाली की तुमचं परमनंट लेटर. डन." माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचं बघू या ना. तपासायचं काम आता कंप्युटरपण करतो."

दुसऱ्या दिवशी ती ड्रेस आणायला गोरेगावला गेली. स्टुडिओंच्या आसपास ड्रेस भाड्याने देणारे आहेत, त्यांच्यातल्या एकाकडे. या लोकांचं शास्त्र सोपं असतं. मालिकेत गोरा माणूस आला की तो इंग्रज, आणि इंग्रज म्हटला की लाल कोट, पांढरा विग. अमेरिकन सेनापती पाहिजे म्हटल्यावर त्याने गोऱ्या साहेबाच्या कपाटात हात घातला आणि लाल कोट काढून दिला. त्याची काही चूक नाही. दोन गोऱ्यांचं आपसात युद्ध झालं होतं हे त्याच्या कपाटाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी घरी मटार सोलत होते. तिचा फोटो आला. लाल कोट हँगरला लटकवलेला, सोनेरी बटणं. खाली लिहिलेलं, "बरोबर आहे ना गं? तू सांगितलंस तरच घेते. नीट बघ."

मी नीट बघितलं. घाईत होते, चष्मा नव्हता, फोटो पुसट होता, असं काही नव्हतं. मटाराची शेंग खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि लिहिलं, "झकास. घे."

का लिहिलं? सांगते. मला ती पडायला हवी होती. एकदाच, सगळ्यांसमोर, माझ्या विषयात. आणखी एक गोष्ट लिहायची मी टाळत आले आहे. माझ्या मनाच्या तळाशी असं पक्कं बसलेलं होतं की आमच्या दोघींत उदार मी आणि उपकार माझे. तिने मला हाताला धरून नोकरीला लावलं, तिला पत्र मिळणार आणि मला "बघू या" मिळणार, हे त्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. चांगला कप द्यायचा हक्क माझा होता. आईने कान तुटलेला कप निदान उघडपणे काढला होता. मी आईपेक्षा वाईट निघाले.

एका क्षणाचा राग म्हणून सोडून देता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी युद्धाचा धडा पक्का करायला बसले. त्यात इंग्रज सैनिकांना लोक लाल कोटवाले म्हणत असं वाक्य मी आधीच लिहून ठेवलं होतं. ते मी शांतपणे खोडलं. आणखी दोन ठिकाणी तो शब्द होता, तिथे "ब्रिटिश सैनिक" केलं. ती समोर असलेल्या कागदावर विश्वास ठेवायची, विशेषतः अक्षर माझं असेल तर.

चित्रीकरणाच्या दिवशी कोटाची बटणं घट्ट होती. ती मी लावून दिली. खालून वर, एकेक. विगखाली तिचे केस बसेनात, तर माझ्या केसांतल्या पिना काढून तिला लावल्या. ती आरशात बघून हसायला लागली. म्हणाली, "आमचे हे बघतील तर खोकायचं विसरतील." मीही हसले. मग ती हिरव्या कापडापुढे उभी राहिली आणि बर्फातून नदी पार करणाऱ्या उपाशी सैन्याबद्दल असं काही बोलली की शेजारच्या गाळ्यातला मशीनवालासुद्धा दारात येऊन उभा राहिला. आणि हे सगळं ती बोलली शत्रूच्या कोटात. मी कागद भरला. सन बरोबर, नावं बरोबर, नकाशा बरोबर. वेशभूषेचा रकाना कागदात नव्हता. तो नाही हे मी आधीच पाहून ठेवलं होतं.

तीन धडे तसे गेले. पंधरा दिवसांनी तिकडे बोंब झाली. पोरं हसली, आयांनी पत्रं लिहिली, कुणीतरी तो तुकडा सगळीकडे फिरवला. ज्याने आमचा देश उभा केला त्याच्या अंगात तुम्ही ज्यांच्याविरुद्ध तो लढला त्यांचा कोट घालता? तुम्हाला आमचा इतिहास कोण शिकवतं? गिऱ्हाईक कंपनीने काम काढून घ्यायची धमकी दिली. मालकाची वाट लागली होती आणि आता त्याला एक बकरा हवा होता.

त्याने सगळ्यांना बसवलं. टेबलावर चहा आणि बिस्किटांची बशी होती. "कोट कुणी पास केला?" त्याने विचारलं.

तिचा फोन तिच्यासमोर टेबलावर होता. उघडून दोनदा बोट फिरवलं असतं तर माझं "झकास. घे" निघालं असतं. तिने फोनकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ, म्हणजे दोन सेकंद असेल. मी बिस्किटं मोजत होते. सात होती.

"मी आणला," ती म्हणाली. "माझी चूक."

"मॅडमना विचारलं नाही तुम्ही?" मालकाने माझ्याकडे बोट केलं.

"माझी चूक म्हटलं ना," ती म्हणाली.

त्याने तिला त्याच दिवशी जायला सांगितलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि कुंपणाला कोणी काही विचारलं नाही. निघताना तिने माझ्या डब्याचं झाकण, जे कायम माझ्याकडून राहायचं, ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. घरी जाताना घाटकोपरच्या मेट्रोत मला आधी जागा मिळाल्याचा आनंद झाला आणि मग त्या मेसेजची आठवण झाली. फोन काढून तो पुसायला गेले. इतके दिवस उलटल्यावर तो तिच्या फोनमधून पुसता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. फोन विचारत होता, फक्त तुमच्याकडून पुसायचा का? मी हो म्हटलं. तेवढंच करता येत होतं, तेवढं केलं.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तशी मी तिच्या जागी बसले. मालकाने मला निळा कोट शिवून घ्यायला लावला, विलेपार्ल्याच्या एका शिंप्याकडून, बरोबर निळा, आतून पिवळसर. मग कॅमेऱ्यापुढे उभं केलं. दोन वाक्यांत त्याच्या लक्षात आलं की माझं इंग्रजी फळ्यावर चालतं, तोंडात नाही. तो डगमगला नाही. म्हणाला, "नो टेन्शन. आवाज आहे आपल्याकडे." तिचं वर्षभराचं रेकॉर्डिंग होतं. कंप्युटरला ते शिकवलं की तो काहीही तिच्या आवाजात बोलतो. तिला विचारलं का, असं मी विचारलं. नोकरीला लागतानाच सही घेतलेली असते, तो म्हणाला.

मला फक्त ओठ हलवायचे होते. कानात तिचा आवाज लावून, त्याबरोबर. जाहीरनाम्याचा धडा आम्ही पुन्हा केला. कंप्युटरने तिची ती दोन सेकंदंही जशीच्या तशी ठेवली होती. मालक म्हणाला, तिथे तोंड मिटून कॅमेऱ्यात बघा, बस. सात वेळा घ्यावं लागलं. दरवेळी मी आधीच नजर खाली टाकत होते. महिनाअखेर मला कायम नोकरीचं पत्र मिळालं.

तिच्या खणात तिचा चष्मा आणि एक शाल राहिली होती. मालक म्हणाला, देऊन या. कुरियर करता आलं असतं. मी रविवारी गेले, कारण तिला काय माहीत आहे ते मला जाणून घ्यायचं होतं. बाकी काळजी वगैरे नंतरची.

माहुलला लिफ्ट बंद होती. पाच मजले चढून गेले. जिन्यातच तो वास घशाला लागला. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पाच-सहा पोरं बसली होती, ती शिकवणी घेत होती. कॉटवर तिचा नवरा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेला. मला बघून ती म्हणाली, "ये. बस. यांचं एवढं होऊ दे." पोरांच्या मधोमध स्टीलच्या डब्याला टेकवून तिचा फोन उभा केला होता आणि त्यात मी होते. निळ्या कोटात.

ती त्याच व्हिडिओवर पोरांना इंग्रजी शिकवत होती. जाहीरनाम्याचा धडा. माझे ओठ हलत होते आणि तिचा आवाज खोलीभर येत होता. एक मुलगी माझ्याकडे, मग फोनकडे, मग तिच्याकडे बघत राहिली. "बाई, तुमचा आवाज यांच्या तोंडात कसा काय?"

"कंपनीत असतं तसं," ती म्हणाली. "वाक्याकडे लक्ष दे."

नवरा डोळे न उघडता म्हणाला, "आवाज आला की दरवेळी मला वाटतं, हिला परत घेतलं." आणि खोकला. तो खोकला खूप वेळ चालला. पोरांपैकी कोणीही वळून बघितलं नाही, त्यांना सवय होती. मी मुलुंडच्या घराचं विचारलं. दुसऱ्याला गेलं, ती म्हणाली.

तेवढ्यात फोनमधली मी त्या वाक्यापाशी आले आणि थांबले. त्या दोन सेकंदांत ती फोनकडे बघत म्हणाली, "कोट बरोबर आहे गं या वेळी."

पोरांना तिने पाढ्यासारखी ती वाक्यं लिहायला लावली आणि माझ्यापाशी येऊन बसली. हळू आवाजात बोलली, चिडून नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"रंगावरून कधीतरी काहीतरी झालं होतं, एवढंच मला दुकानात आठवत होतं. म्हणून तुला विचारलं. तक्ता नंतर आठवला, त्या दिवशी टेबलाशी बसल्यावर. तू बिस्किटांकडे बघायला लागलीस तेव्हा."

"मग दाखवला का नाहीस मेसेज?"

"दाखवून काय? तू म्हणाली असतीस, माझीही चूक झाली. त्यांनी मानलं असतं. तू कोटाच्या रंगात चुकणारी नाहीस हे तिथे मला एकटीलाच माहीत होतं." ती उठली. "चहा टाकते."

सगळ्यांचा चहा झाला. पोरांना, नवऱ्याला, स्वतःला तिने स्टीलच्या पेल्यांत ओतला. या घरात, आणि आधीच्या पाडलेल्या घरात, मीही वीस वर्षं त्याच पेल्यातून प्यायले होते. एकावर माझं नाव घालून घेऊ या, असं तिचा नवरा गमतीने म्हणायचा. तिने स्टूल ओढलं, वर चढून शोकेसच्या काचेमागून एक कपबशी काढली. सोनेरी काठाची, कधी न वापरलेली. पदराने पुसली, चहा ओतला आणि माझ्यासमोर आणून ठेवली.

नवरा म्हणाला, "अगं, तिला पेल्यातच लागतो ना?"

"पाहुण्यांचा कप वेगळा असतो," ती म्हणाली आणि पोरांच्या वह्या बघायला गेली.

मी तो चहा संपवला. नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. पाच मजले उतरून खाली आले तेव्हा ती कप विसळून परत काचेमागे ठेवत असेल, की टाकून देत असेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.